तक्रारीत दडलेला धंदा: ग्राहकांचं ऐकून आपलं 'निश' कसं शोधायचं

१८७० च्या अखेरीस अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, रीनो इथे, जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याकडे एका लाकूडतोड्याची बायको आली. नवऱ्यासाठी पँट हवी होती आणि अट एकच होती, ती लवकर फाटता कामा नये. डेव्हिसने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट, म्हणजे कापड घट्ट धरून ठेवणारे छोटे धातूचे खिळे, ठोकले, कारण ताण तिथेच येतो आणि कापड तिथूनच उसवतं. पँट टिकली, कष्टकऱ्यांत तिचा बोलबाला झाला, मागणी एकट्याला झेपेना. मग त्याने आपल्याला कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉस यांना पत्र लिहिलं आणि २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावे पेटंट निघालं. आज जगभर घातल्या जाणाऱ्या जीन्सची सुरुवात ही अशी झाली.

त्या बाईंनी रिव्हेट मागितले नव्हते, आणि उपाय सुचवणं हे ग्राहकाचं काम नसतंच. पँट कोण घालणार, कोणत्या कामाला, आणि आताच्या पँटीचं काय होतं, एवढं त्या नेमकं सांगून गेल्या. छोटी पण पक्की बाजारपेठ, ज्याला हल्ली सगळे 'निश' म्हणतात, ती याच तीन गोष्टींतून सापडते. पुढे जी पद्धत सांगतो आहे तिचा गाभाही एकाच वाक्यात सांगून टाकतो: तक्रार किती जोरात केली आहे ते बघू नका, त्या तक्रारीपायी माणसाने आजवर काय काय करून पाहिलंय ते बघा.

आधी क्षेत्र ठरवा, कल्पना नंतर

बहुतेक जण उलटं करतात. कल्पना आधी सुचते, मग तिला दुजोरा देणारे ग्राहक शोधले जातात, आणि शोधले की ते मिळतातच. म्हणून कल्पना सध्या बाजूला ठेवा आणि फक्त क्षेत्र निवडा.

क्षेत्र निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. तिथल्या लोकांची बोली तुम्हाला कळते का? आणि त्यातल्या दहा-पंधरा जणांशी महिनाभरात प्रत्यक्ष बोलता येईल का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर क्षेत्र चालेल, मग त्यात तुम्हाला फारशी गोडी नसली तरी बिघडत नाही. 'आरोग्य' किंवा 'शिक्षण' ही क्षेत्रं फार अफाट झाली. 'कामासाठी रोज बॅग घेऊन फिरणारे लोक' हे त्यामानाने हाताळण्याजोगं. हेच काल्पनिक उदाहरण लेखभर घेऊ, म्हणजे प्रत्येक पायरी प्रत्यक्षात कशी दिसते ते कळेल.

कान कुठे लावायचा

सुरुवात रिव्ह्यूंपासून करा, कारण ते फुकट आहेत आणि कुणाची परवानगी लागत नाही. पाच तारेवाले रिव्ह्यू सोडून द्या. 'मस्त', 'पैसा वसूल' यातून काही हाती लागत नाही. एक तारेवाल्यांत बराचसा राग कुरिअरवर, फाटलेल्या खोक्यावर किंवा अडकलेल्या रिफंडवर असतो. खरा ऐवज दोन ते चार ताऱ्यांमध्ये असतो. तीन तारे देणाऱ्या माणसाने वस्तू वापरलेली असते, ती त्याला बऱ्यापैकी आवडलेली असते आणि तरीही काहीतरी खुपत असतं. आपल्याला ते खुपणारंच हवं आहे.

रिव्ह्यूंपेक्षाही जास्त कामाची आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी जागा म्हणजे उत्पादनाच्या पानावरचे प्रश्न. 'यात अमुक बसेल का?', 'हे ओल्या कपड्याने पुसता येतं का?', 'डावखुऱ्यांना चालेल का?' असं विचारणारा माणूस पैसे काढून उभा असतो. त्याची अडचण एवढीच की समोरच्या वस्तूत त्याला स्वतःचं काम दिसत नाहीये. असे दोनशे प्रश्न एका बैठकीत वाचले की त्या बाजारातल्या उणिवांचा नकाशा आपोआप तयार होतो.

तिसरी जागा म्हणजे मधली माणसं. दुरुस्ती करणारे, प्रशिक्षण देणारे, हेल्पलाइनवर बसणारे, परत आलेला माल तपासणारे. या लोकांच्या कानावर तीच तक्रार शंभर वेळा पडलेली असते आणि सहसा त्यांना कुणी काही विचारत नाही. तासभर चहा प्यायला बसलात तरी ते भरभरून बोलतात.

चौथी जागा जरा आडवळणाची आहे. छोटी कामं बाहेरून करून घेणारे लोक फ्रीलान्स संकेतस्थळांवर काय काम टाकतात ते वाचा. 'दर आठवड्याला या तीन फायलींमधली माहिती एका तक्त्यात भरून हवी' असं काम कुणी पैसे देऊन करून घेत असेल, आणि तसंच काम आणखी वीस जण मागत असतील, तर तिथे गरज आणि पैसा दोन्ही सिद्ध झालेले असतात. सेवा किंवा सॉफ्टवेअर विकायचं असेल तर मी याच जागेपासून सुरुवात करेन.

नोकरीत असाल तर एक खबरदारी. कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी तुमच्या नजरेखालून जात असतील, पण ती माहिती कंपनीची असते. तिची प्रत काढून घरी आणू नका आणि नोकरीचा करार एकदा नीट वाचा. त्यातून मिळालेली समज तुमची असते, फाइल तुमची नसते.

शोधताना सरळ 'तक्रार' किंवा 'खराब' हे शब्द टाकू नका. 'शेवटी मी', 'त्याऐवजी', 'कापून', 'जोडून', 'दोन घ्यावे लागले', 'दुसरा पर्यायच नाही' असे शब्द टाका. अशा वाक्यांत माणूस नुसता कुरकुरत नाही, तर त्याने काय केलं ते सांगत असतो.

नोंद कशी ठेवायची

इथे आळस केला की पुढचं सगळं फसतं. वाचताना सगळं लक्षात राहील असं वाटतं, पण दोन दिवसांनी आठवतं ते फक्त आपल्याला पटलेलं. म्हणून एक साधा तक्ता करा. त्यात सहा रकाने पुरतात: ग्राहकाचं वाक्य जसंच्या तसं, तो कोण आहे, कोणत्या प्रसंगात अडला, सध्या काय करून भागवतो, त्यात त्याचा वेळ, पैसा किंवा अब्रू किती जाते, आणि हे तुम्हाला कुठे मिळालं.

पहिल्या रकान्याबाबत मी हट्टी आहे. 'ग्राहकाला अधिक कप्पे हवेत' असा सारांश लिहिला की माहिती मेलीच. उदाहरणार्थ, बॅकपॅकच्या एका तीन तारेवाल्या रिव्ह्यूत असं काही लिहिलेलं असतं:

'बॅग छान आहे, पाठीला त्रास होत नाही. मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. जमिनीवर ठेवली की आडवी पडते आणि सगळं बाहेर येतं. वापरलेले टॉवेल वेगळे ठेवायला जागा नाही, शेवटी प्लास्टिकची पिशवी कोंबते.'

हे जसंच्या तसं लिहून ठेवलं तर सहा महिन्यांनी जाहिरातीचा मजकूर लिहिताना हीच वाक्यं उपयोगी पडतात. 'आडवी पडते' हा शब्दप्रयोग तुम्हाला टेबलाशी बसून सुचणार नाही. आणि पुढचे रकाने बघा: कोण, कोणत्या प्रसंगात, काय करून भागवते, सगळं एका रिव्ह्यूत मिळालं. बहुतेक रिव्ह्यूंत यातले एक-दोनच रकाने भरतील. बाकीचे रिकामे राहू द्या, अंदाजाने भरू नका. ते रिकामे रकानेच पुढे मुलाखतीतले प्रश्न होतात.

एका वस्तूच्या प्रकारासाठी दीडशे-दोनशे नोंदी झाल्या की थांबा.

ढीग माणसांचे लावा

आता या नोंदींची वर्गवारी करायची. सवयीने आपण वैशिष्ट्यांनुसार ढीग लावतो: चेनच्या तक्रारी, वजनाच्या तक्रारी, रंगाच्या तक्रारी. कारखाना चालवणाऱ्याला ते उपयोगी आहे. निश शोधणाऱ्याने ढीग माणसानुसार आणि प्रसंगानुसार लावावेत. चेन तुटते म्हणणाऱ्या चाळीस लोकांत विद्यार्थी, गिर्यारोहक आणि छायाचित्रकार असे सगळेच असतील, आणि त्यांचं एकमेकांशी काही घेणं-देणं नसेल. उलट घरी जाऊन उपचार देणाऱ्या अकरा जणांच्या तक्रारी वरवर वेगवेगळ्या असतात. कुणाची बॅग आडवी पडते, कुणाची पुसता येत नाही, कुणाला वापरलेलं आणि न वापरलेलं वेगळं ठेवायचं असतं. पण त्या सगळ्या एकाच कामाच्या असतात. चाळीसच्या ढिगापेक्षा अकराचा ढीग मोलाचा ठरतो तो असा.

'आपली वस्तू नेमकं कोण वापरतंय' हे मोठमोठ्या कंपन्यांच्याही उशिरा लक्षात आलेलं आहे. किम्बर्ली-क्लार्क कंपनीने १९२४ मध्ये क्लीनेक्स हा मऊ टिश्यू कागद बाजारात आणला तो चेहऱ्यावरचं कोल्ड क्रीम पुसायला. लोकांची पत्रं येऊ लागली की आम्ही हे नाक शिंकरायला वापरतो. पुढे कंपनीने दोन्ही वापरांच्या जाहिराती करून प्रतिसाद तपासला. रुमालाऐवजी वापरणाऱ्यांचं पारडं जड निघालं आणि १९३० च्या सुमारास जाहिरातींचा रोखच बदलला. कागद होता तोच राहिला, गिऱ्हाईक मात्र वेगळं निघालं.

इन्ट्युइट कंपनीचं क्विकन हे सॉफ्टवेअर घरखर्चाच्या हिशेबासाठी होतं. पाहणीत दिसत होतं की बरेच ग्राहक ते धंद्याच्या हिशेबाला वापरतात. कंपनीने आधी तिकडे कानाडोळा केला. मग नीट पाहिल्यावर कळलं की हे छोटे व्यावसायिक आहेत, त्यांना जमा-नावेच्या भाषेतलं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरायचंच नाहीये. त्यातून १९९२ मध्ये क्विकबुक्स आलं. पाहणीतल्या ज्या उत्तराला आपण 'यांनी प्रश्न नीट वाचला नसेल' म्हणून बाजूला सारतो, ते उत्तर दोनदा आलं तर तिसऱ्यांदा थांबून बघावं.

सगळ्यात मोठा पुरावा: जुगाड

ढीग लागले की प्रत्येक ढिगात 'सध्या काय करून भागवतो' हा रकाना किती भरलाय ते पाहा. तिथे काहीच नसेल तर ती तक्रार बोलण्यापुरती आहे. लोक हजार गोष्टींवर कुरकुरतात आणि त्यांच्यासोबत सुखाने नांदतात. पण माणसाने कात्री घेतली, चिकटपट्टी लावली, एकाऐवजी दोन वस्तू विकत घेतल्या, रोज रात्री अर्धा तास हाताने याद्या जुळवल्या, तर त्याने त्या अडचणीची किंमत आधीच मोजायला सुरुवात केलेली असते. तुम्हाला फक्त त्याच किमतीत जास्त चांगलं काही द्यायचं असतं.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे संशोधक एरिक फॉन हिपेल यांनी १९८६ मध्ये अशा ग्राहकांना 'लीड युजर' असं नाव दिलं. बाजाराला जी गरज उद्या जाणवणार ती यांना आज जाणवते, आणि उपाय सापडला तर यांचा फायदा मोठा असतो, म्हणून ते वाट न बघता स्वतःच काहीतरी बनवतात. शोधायचे ते हेच लोक.

बेट नेस्मिथ ग्रॅहम यांचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या डॅलसमधल्या एका बँकेत सेक्रेटरी होत्या. नव्या इलेक्ट्रिक टाइपरायटरच्या रिबिनीची शाई खोडरबराने खोडली की कागदावर डाग पसरायचा, आणि एका चुकीपायी अख्खं पान पुन्हा टाइप करावं लागायचं. रंगारी चूक खोडत नाही, त्यावर रंग चढवतो, हे पाहून त्यांनी पांढरा टेंपेरा (पाण्यात कालवायचा चित्रकलेचा रंग) बाटलीत भरून ऑफिसात आणला आणि बारीक ब्रशने चुका झाकायला लागल्या. धंदा इथे सुरू झाला नाही. तो सुरू झाला ते शेजारच्या टाइपिस्ट बाटली मागायला लागल्या तेव्हा. १९५६ मध्ये त्यांनी ती विकायला सुरुवात केली, आणि पुढे लिक्विड पेपर या नावाने वाढलेली ही कंपनी १९७९ मध्ये जिलेटने ४ कोटी ७५ लाख डॉलरला विकत घेतली. जुगाड एकाने केला तर ती त्याची हौस असू शकते. दुसऱ्याने तो मागितला की बाजार.

प्रत्यक्ष बोलायला बसा

वाचून जे कळतं त्याला मर्यादा आहे. आता निवडलेल्या ढिगातल्या माणसांशी बोलायचं. किती जणांशी? १९९३ मध्ये ॲबी ग्रिफिन आणि जॉन हाउझर या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी दाखवलं की ग्राहकांचा गट एकसारखा असेल तर २० ते ३० मुलाखतींत त्यांच्या ९० टक्क्यांहून अधिक गरजा समोर येतात. एकट्याने काम करणाऱ्याने दहा-बारांपासून सुरुवात करावी. नवं काही ऐकू येईनासं झालं की थांबावं.

मुलाखतीत एक पथ्य कडक पाळा: 'तुम्हाला हे आवडेल का?' आणि 'असं काही आलं तर घ्याल का?' हे प्रश्न विचारायचे नाहीत. समोरचा माणूस भला असतो. तुमचा उत्साह पाहून तो हो ला हो मिळवतो आणि त्या तोंडदेखल्या 'हो'वर आपण माल भरून बसतो. भविष्याबद्दल विचारू नका, झालेल्या प्रसंगाबद्दल विचारा. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना हीच वाट धरली. वैमानिकांचं सर्वसाधारण मत विचारण्यापेक्षा प्रत्यक्ष घडलेल्या एकेका प्रसंगाचा तपशील गोळा करायचा. १९५४ मध्ये त्यांनी ही पद्धत 'क्रिटिकल इन्सिडेंट टेक्निक' म्हणून मांडली आणि ती आजही वापरली जाते.

आपल्या बॅगेच्या उदाहरणात संवाद साधारण असा होईल:

'तुम्ही शेवटच्या पेशंटकडे कधी गेला होतात?'

'काल संध्याकाळी.'

'आत गेल्यापासून काय काय केलंत, क्रमाने सांगाल का?'

'हात धुतले. बॅग ठेवायला जागा बघितली. लोकांच्या पलंगावर मी ठेवत नाही, बरं दिसत नाही ते. जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवली आणि पायाने धरली.'

'पायाने?'

'हो ना. व्यायाम घेताना एका हाताने पेशंटचा पाय धरलेला असतो, दुसऱ्या हाताने बॅगेतून बँड काढायचा असतो. बॅग घसरली की पंचाईत.'

'यासाठी दुसरी बॅग कधी बघितली होतीत?'

'दोन घेतल्या! एक ती सुतारकामाची टूलबॅग असते ना, तसली. उभी राहते, पण जड आहे आणि आतून पुसता येत नाही. दुसरी घरी पडून आहे.'

या पाच मिनिटांत जे मिळालं ते पाहा. बॅग एका हाताने उघडता आली पाहिजे ही गरज कुठल्याही रिव्ह्यूत नव्हती. पायाने बॅग धरणं तिला स्वतःलाही तक्रार वाटत नव्हती, इतकी ती सवय झालेली. आणि 'दोन घेतल्या' हे उत्तर 'हो, मी नक्की घेईन' या उत्तराच्या दसपट वजनाचं आहे. तिने दोनदा खिशात हात घातला आणि दोन्ही वेळा पैसे वाया गेले.

'पायाने?' हा प्रश्नही लक्षात ठेवा. समोरच्याने काही विचित्र सांगितलं की फक्त त्याचाच शब्द परत उच्चारून गप्प बसायचं. गप्प बसणं फार अवघड जातं, खास करून ज्यांना आपली कल्पना सांगायची घाई असते त्यांना. कल्पना शेवटपर्यंत सांगू नका. शक्य असेल तर बॅग उघडून दाखवायला सांगा. सांगताना जे राहून जातं ते दाखवताना बाहेर पडतं. क्विकनवाले तर दुकानात सॉफ्टवेअर घेणाऱ्या ग्राहकाची परवानगी घेऊन थेट त्याच्या घरी जायचे आणि तो ते कसं वापरतो ते शेजारी बसून बघायचे.

निघताना दोन गोष्टी मागा: असंच काम करणाऱ्या आणखी दोघांशी ओळख, आणि पुढे काही नमुना तयार झाला तर दाखवायला येण्याची परवानगी. ओळख करून द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तीही नोंद करा. ज्याला अडचण खरोखर जाचते तो आपणहून नावं सुचवतो.

जे निघून गेले त्यांचं काय

रिव्ह्यू लिहितात ते वापरणारे. विकत घ्यायला आले आणि न घेता गेले, किंवा महिनाभर वापरून गुपचूप सोडून दिलं, त्यांचा आवाज कुठेच उमटत नाही. तुमचा आधीच काही व्यवसाय असेल तर अशा ग्राहकांना एक ओळीचा निरोप पाठवा: 'आता त्या कामासाठी तुम्ही काय वापरता?' 'का सोडलंत?' असं विचारलं की माणूस भिडेपोटी 'महाग वाटलं' म्हणून मोकळा होतो. 'काय वापरता' याचं उत्तर मात्र खरं येतं, आणि कधी कधी ते चकित करणारं असतं. अनेकदा तुमचा प्रतिस्पर्धी ही दुसरी कंपनी नसून एक वही आणि पेन असतं.

संख्येने दिपून जाऊ नका

बऱ्याच लोकांना विचारलं म्हणजे उत्तर बरोबर, असं नसतं. कोका-कोलाने १९८५ मध्ये नवी चव आणण्याआधी सुमारे दोन लाख लोकांना ती चाखायला दिली होती आणि नवी चव सरस ठरली होती. २३ एप्रिलला ती बाजारात आली, लोक संतापले आणि ७९ दिवसांत जुनी चव परत आणावी लागली. घोटभर चाखून कोणती जास्त आवडते, हे विचारलं गेलं होतं. जुनी कायमची बंद झाली तर काय वाटेल, ते त्या चाचणीत कळण्यासारखं नव्हतं. दहा माणसांना योग्य प्रसंगाबद्दल विचारलेलं, हजारांना पाठवलेल्या प्रश्नावलीपेक्षा सरस ठरतं. प्रश्नावलीला जागा आहे, पण ती नंतर: काय मोजायचं ते मुलाखतींतून कळल्यावर.

चाळणी लावा, आणि आकडे कागदावर मांडा

आता तुमच्याकडे दोन-तीन ढीग उरले असतील. प्रत्येकाला चार प्रश्न विचारा. ही अडचण किती वेळा येते, रोज की वर्षातून एकदा? ती सोसणारा आणि पैसे देणारा माणूस एकच आहे की वेगवेगळे? ही माणसं कुठे एकत्र भेटतात? आणि हे आजवर कुणी का केलं नाही?

दुसऱ्या प्रश्नावर बरेच चांगले ढीग गळतात. परिचारिका वैतागलेली असते, पण खरेदी रुग्णालयाचा खरेदी विभाग करतो आणि त्याला तिच्या वैतागाशी सोयरसुतक नसतं. अशा वेळी विकायचं कुणाला आणि कोणत्या भाषेत, हा वेगळाच खेळ होतो. तिसरा प्रश्न खर्चाचा आहे. ज्यांची संघटना आहे, मासिक आहे, वार्षिक संमेलन आहे, गट आहे, त्यांच्यापर्यंत थोड्या खर्चात पोचता येतं. 'घाईत असणारे लोक' असा गट कुठेच भेटत नाही. चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'मोठ्यांना एवढ्याशा बाजारात रस नाही' असं आलं तर उत्तम. 'कायदा आडवा येतो' किंवा 'तिघांनी करून पाहिलं आणि बंद केलं' असं आलं तर त्या तिघांपैकी एकाला शोधून बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग साधं गणित. समजा तुमच्या आवाक्यातल्या फिजिओथेरपिस्टची संख्या १०,००० आहे आणि अशी बॅग चार वर्षं टिकते. म्हणजे वर्षाला साधारण २,५०० जण नवी बॅग घेतील. तुमचा खर्च आणि पगार निघायला वर्षाला ३०० बॅगा विकायला लागत असतील, तर त्या २,५०० पैकी १२ टक्के लोकांनी तुमचीच बॅग घ्यायला हवी. नव्या माणसासाठी हे डोंगराएवढं आहे. इथे कल्पना टाकून देण्याआधी तीन दिशा तपासा. त्याच पद्धतीने काम करणारा शेजारचा गट, म्हणजे घरी जाणाऱ्या परिचारिका, जोडता येईल का? वारंवार लागणारं काही, म्हणजे वापरलेल्या टॉवेलसाठी बदलता येणारी अस्तरं, सोबत विकता येईल का? की वस्तूची किंमतच अशी हवी की १०० बॅगांत भागेल? तिन्ही दिशा बंद दिसल्या तर ढीग सोडा. उत्पादन बनवण्याआधी कागदावर नापास होणं हा यातला सगळ्यात स्वस्त अपघात.

पैसे मागितल्याशिवाय काही खरं नाही

चाळणीतून उरलेल्या कल्पनेची शेवटची परीक्षा पैशाची. ज्या बारा जणांशी बोललात त्यांच्याकडे नमुना घेऊन परत जा. नमुना ओबडधोबड चालेल. बॅग असेल तर ओळखीच्या कारागिराकडून शिवून घेतलेली एक, सॉफ्टवेअर असेल तर मागे बसून तुम्ही स्वतः हाताने केलेलं काम. हाताने करण्याचा मोठा फायदा असा की कोणता भाग ग्राहकाला खरंच हवा आहे आणि कोणता आपण उगीच लांबण लावून ठेवलाय, ते आठवड्याभरात कळतं.

त्यानंतर आगाऊ रक्कम मागा. पूर्ण नको, पण कुणी सहज देऊन विसरून जाईल इतकी थोडीही नको. माल कधी मिळेल आणि नाही जमलं तर पैसे किती दिवसांत परत, हे लेखी द्या आणि ते पाळा. बारापैकी चार-पाच जणांनी पैसे दिले तर पुढे जायला हरकत नाही. सगळ्यांनी कौतुक केलं आणि एकानेही पैसे दिले नाहीत, तर ते उत्तर 'नाही' आहे. 'आत्ता नको, पुढच्या महिन्यात बघू' हेही 'नाही'च आहे.

नकार देणाऱ्याला मात्र लगेच सोडू नका. 'काय असतं तर आज घेतलं असतंत?' याच्या उत्तरांत एकच गोष्ट तीन-चारदा आली तर नमुना बदलून पुन्हा जा. प्रत्येकाने वेगळं काहीतरी सांगितलं तर तो ढीग मुळात एका गटाचा नव्हताच, तुम्ही तो तसा मानला होता.

विक्री सुरू झाल्यावर कुणाचं ऐकायचं नाही?

पहिले पन्नास ग्राहक झाले की गटाबाहेरचे लोक यायला लागतात. कुणी म्हणतं ऑफिसला नेण्याजोगा रंग करा, कुणी म्हणतं लॅपटॉपचा कप्पा द्या. प्रत्येक मागणी रास्त वाटते आणि प्रत्येकीसोबत वस्तू पुन्हा सगळ्यांसाठी असलेल्या साध्या बॅकपॅकसारखी होत जाते. मागणी तक्त्यात लिहून ठेवा, मागणारा कोण ते लिहा, आणि तो तुमच्या गटातला नसेल तर नम्रपणे 'सध्या नाही' म्हणा.

गट पुढे आपोआप रुंदावतो, ते वेगळं. ऑक्सोची गुड ग्रिप्स ही स्वयंपाकघरातली अवजारं १९९० मध्ये आली. कंपनीचे संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे साल काढायचं सोलाणं धरणं कठीण जात होतं, त्यातून ती जाड, मऊ मुठीची कल्पना निघाली. दुखऱ्या हाताला जे सोपं पडतं ते धडधाकट हातालाही बरंच वाटतं, त्यामुळे ती सर्वांनी घेतली. पण मूठ आधी दुखऱ्या हातासाठी नीट जमली होती.

आगाऊ रकमेच्या परीक्षेत कल्पना नापास झाली तर तक्ता फेकू नका. त्यात दुसऱ्या क्रमांकाचा ढीग आहेच, बॅगेच्या उदाहरणात समजा छायाचित्रकारांचा. तो घ्या आणि थेट मुलाखतींपासून सुरू करा. दोनशे रिव्ह्यू पुन्हा वाचावे लागत नाहीत.